बार्टोकवरही लिहा की

संपादक महोदय,
पाश्चात्य संगीतावर कधीमधी छापून येतं तेव्हा मोझार्ट नाहीतर बीथोवेन, त्यापुढे गाडी जातच नाही, म्हणून हे पत्र. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक, जन्म 1881, याच्यावर एक सविस्तर लेख यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. 1904 मध्ये त्याने ट्रान्सिल्व्हेनियाकडच्या एका मोलकरणीला गाताना ऐकलं आणि तिथून त्याला लोकगीतांचं वेडच लागलं, मग मित्र कोडाय आणि तो, दोघं फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून घेणारं जुनं यंत्र, घेऊन खेडोपाडी फिरले, शेतकरी बायाबापड्यांना मेणाच्या नळकांड्यांवर गायला लावलं आणि नंतर एकेक सूर कान देऊन कागदावर उतरवला. फक्त हंगेरियन नाही हं, रोमानियन, स्लोव्हाक गाणीपण, अगदी अल्जेरिया आणि तुर्कस्तानपर्यंत गेला. त्यावरून देशाभिमानी मंडळींनी त्याला झोडपलं, तरी तो मागे हटला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

त्याचे 1915 चे 'रोमानियन लोकनृत्य' हे सहा छोटे पियानो तुकडे ऐका, सगळे मिळून पाच-सहा मिनिटांचे. त्यातला तिसरा तर पियानोवर वाजतोय की बासरीवर असं वाटतं, चार-दोन सुरांतच घुटमळत राहतो आणि जीव अडकतो.

1940 मध्ये फॅसिझमला कंटाळून तो अमेरिकेत गेला, तिथे आजारपण, पैशांची ओढाताण, त्यातच 1943 मध्ये 'कन्चर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' हा वाद्यवृंदासाठीचा मोठा तुकडा लिहिला. 1945 मध्ये न्यूयॉर्कलाच वारला तो, अस्थी मायदेशी यायला 1988 उजाडलं.

रविवारच्या पुरवणीत जागा द्याल ना?

आपला नियमित वाचक