मानमंदिराचं पूर्वरूप लोकांना दाखवा

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली माणसं किल्ल्याखाली जन्म काढतो, पण गच्चीतून आम्हाला त्याची पाठच दिसते. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाची पूर्वेची भिंत बघायची तर जुन्या ग्वाल्हेरकडून हाथी पोल दरवाजाचा चढ चढावा लागतो. मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन चढलो. भिंतीकडे बघत ती म्हणाली, "आजोबा, हे पहिल्यापासून असंच मातकट होतं?" नाही गं, म्हणालो. पण कसं होतं ते दाखवू कशावर?

हा महाल बांधणारा राजा मानसिंह तोमर १५१६ साली गेला. त्यानंतर बाराच वर्षांनी बाबरानं तो पाहिला आणि आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला. घुमटांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे, बाहेरच्या भिंतींवर रंगीत टाइल्स, त्यांत हिरव्यागार केळी, दाराशी दोन माहुतांसह कोरलेला हत्ती. खालच्या मजल्यावर फार अंधार, अशी तक्रारही त्यानं केली आहे. उणं दिसलं तेही लिहिणाऱ्या परक्या माणसाची साक्ष आहे ही, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

तो मुलामा गेला, हत्तीही गेला. टाइल्स मात्र तुकड्यातुकड्यांनी टिकल्या आहेत. निळ्यावर पिवळ्या बदकांची रांग आहे, केळीची पानं आहेत. सकाळचं ऊन पडलं की तो निळा असा उजळतो की नजर हलत नाही.

माझी विनंती अशी. नव्या टाइल्स चिकटवू नका, घुमटांना सोनेरी रंगही नको. उरलंय ते आहे तसं राहू द्या. लोक जिथे थांबून मान वर करतात, तिथे महालाचं पूर्वरूप दाखवणारं मोठं रंगीत चित्र लावा. ज्याला पुरावा आहे ते ठळक काढा, तर्कानं भरलेलं फिकट, म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक होणार नाही. हाथी पोलपाशी त्या हत्तीचंही चित्र हवं. मजकूर मराठीतही असावा. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी लष्कर वसवलं, तेव्हापासून मराठी घरं या किल्ल्याच्या सावलीत आहेत.

चित्राआधी टिकलेल्या प्रत्येक टाइलचा रंग, माप आणि जागा जुळवावी लागेल. ते काम पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या चित्रकारांकडून येत्या पावसाळ्याआधी सुरू करवावं.

आपला नम्र,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक आजोबा