बालेवाडीची दोन तिकिटे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

सात महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही. प्रकृतीचे निमित्त सांगावे, तर गुडघा सोडल्यास सारे ठीक आहे. काल माळा आवरताना तुझा राहून गेलेला मफलर सापडला आणि त्याच्या घडीतून २०१९ च्या पुण्यातल्या बालेवाडीतील महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्याची दोन तिकिटे निघाली.

सहा फूट आठ इंचांचा अँडरसन आणि सहा फूट अकरा इंचांचा, चाळिशीला टेकलेला कार्लोविच! तिन्ही सेट सहा-सहा अशा बरोबरीत येऊन निर्णायक टायब्रेकला गेले. पण ‘नंतर गाडी निघायची नाही’ म्हणून तू मला दुसऱ्या सेटनंतर उठवलेस आणि अँडरसनने ७-५ ने जिंकलेला शेवटचा टायब्रेक आपण पार्किंगमध्ये उभे राहून, आतल्या टाळ्यांवरून ओळखत ऐकला. ते मी विसरलेलो नाही.

मनाला लागले आहे ते निराळेच. १९९६ साली दिल्लीत सुरू झालेली ही स्पर्धा पुढच्याच वर्षी तुझ्या चेन्नईला गेली आणि एकवीस वर्षे तिथे नांदली. २००८ साली तिथल्या नुंगमबक्कममध्ये नदाल-मोया यांची जवळपास चार तासांची उपांत्य लढत आणि दुसऱ्या दिवशी दमलेल्या नदालला यूझ्नीविरुद्ध मिळालेला एकच गेम, हे तू किती वेळा ऐकवलेस! २०१८ मध्ये ती पुण्यात आली तेव्हा तू ‘चोरीचा माल’ म्हणालास आणि मी तुला मुद्दाम फोन करून चितळ्यांची बाकरवडी पाठवली. तुझे काही गेले आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

पुण्यात ती जेमतेम पाच वेळा झाली. २०२१ करोनाने खाल्ले. २०२४ च्या जानेवारीत टेनिसच्या वेळापत्रकातला तिचा आठवडा हाँगकाँगच्या वाट्याला गेला, तेव्हा मी आयोजकांना भरपूर नावे ठेवली. पण जवळच औंधात राहून मी पाच वर्षांत दोनदाच गेलो, आणि २०२३ ची अंतिम फेरी, ग्रीक्सपोरने पहिला सेट गमावून जिंकलेली, चक्क घरी पाय पसरून टीव्हीवर पाहिली. मग रिकाम्या खुर्च्यांचा दोष कोणाला देऊ?

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले ना? चिन्मयच्या नोकरीबद्दल अभिनंदन.

मफलर कुरिअरने पाठवतो. तिकिटे मिळणार नाहीत, पैसे मी भरले होते.

तुझा,
अरविंद