सुपरचार्ज्ड गाडीच्या इंधन यंत्रणेचं सदोष काम: तक्रार आणि भरपाईची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: होंडा सिटी व्हीटेक (२००२) वर आपण केलेल्या फ्युएल सिस्टिम अपग्रेडबाबत

महोदय,

फोन केला की दर वेळी नवं कारण ऐकायला मिळतं, म्हणून आता लेखी कळवतो आहे.

माझ्या दीड लिटरच्या सिटीवर (कंपनीतून आली तेव्हा १०६ बीएचपी) ईटन एम४५ सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) आधीच बसवलेला होता. तुमच्याकडे गाडी आणली ती फक्त पेट्रोलच्या बाजूसाठी: टाकीतला मोठा पंप, मोठे इंजेक्टर, नवा प्रेशर रेग्युलेटर, पंपाचं वायरिंग आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ट्यूनिंग. बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा जादा हवेचा दाब, अर्धा बार; ताकद १६० बीएचपीच्या आसपास. यापेक्षा जास्त हाव नव्हती. गाडी रोज रस्त्यावर फिरत नाही, ट्रेलरवर जाते आणि ट्रेलरवरच परत येते. हेही जॉबकार्डवर तुमच्याच माणसाने लिहून घेतलं आहे. बिल १,८४,००० रुपये झालं, ते पूर्ण भरलेलं आहे.

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर तिसऱ्या गिअरला, सहा हजार आरपीएमच्या वर, इंजिन ठोकायला लागलं आणि मागून निळा धूर आला. तिथेच बंद केली. हेड उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला रिंगच्या खाचेची कड तुटलेली निघाली. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक करडे ठिपके होते. मिश्रण लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) नॉकिंग झालं की असंच दिसतं, हे तुमच्या फोरमनला मी सांगायला नको.

लीन का झालं, याचं उत्तर फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) तुम्ही बसवलेल्या रेग्युलेटरवरच आहे. त्याच्या डोक्यावरच्या निपलला इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरना हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) होस यायला हवी. होस नाहीच. खोक्यातून येतं ते लाल प्लास्टिकचं टोपण अजून त्यावर तसंच आहे. होंडाच्या मूळ रेग्युलेटरला ही होस होती. ती तुम्ही काढलीत आणि मॅनिफोल्डच्या बाजूला स्क्रू कोंबून भोक बुजवलंत. फोटो जोडले आहेत.

ही होस म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. इंजेक्टर पेट्रोल किती सोडणार, हे रेलमधलं प्रेशर आणि मॅनिफोल्डमधलं प्रेशर यांच्या फरकावर ठरतं. होस जोडलेली असली की बूस्ट जितका चढेल तितकंच रेलचं प्रेशर चढतं आणि फरक ३ बारच राहतो. टोपण लावून ठेवलं की रेल ३ बारवर अडकते, समोरून अर्धा बार बूस्ट ढकलत असतो, आणि फरक उरतो अडीच बार. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे सुमारे नऊ टक्के पेट्रोल कमी. तेही नेमकं जेव्हा जास्त लागतं तेव्हा.

आता तुमच्या डायनोचा लॉग. तो मिळवायला मला किती मेल पाठवावे लागले ते सोडा. खालच्या आरपीएमला, बूस्ट चढण्याआधी, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा; १ च्या जितका खाली तितकं पेट्रोल जास्त) ०.८२ आहे. उत्तम. पण वर ६५०० ला पूर्ण बूस्टमध्ये रेलचं प्रेशर २.६ बारवर घसरलेलं आहे आणि लॅम्ब्डा ०.९८. ही रेघ पाहून कोणत्याही ट्यूनरने तिथल्या तिथे थ्रॉटल सोडायला हवा होता. तुमच्या माणसाने त्या कागदावर ‘ओके, डिलिव्हरी’ असा शिक्का मारला आहे.

प्रेशर का घसरलं तेही पाहून घेतलं. इंजिन आयडलला असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर ११.४. बिलात ‘रिले व स्वतंत्र वायरिंग’ अशी ओळ आहे, तिचे ९,५०० रुपये लावले आहेत. गाडीत रिले (पंपाला जाड वायरने थेट बॅटरीची वीज देणारा स्विच) नाही. नवा पंप जुन्याच बारीक वायरवर चालतोय. कमी व्होल्टेजवर पंप कितीही मोठा असला तरी वर दम धरत नाही.

टाकी उघडली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. पंपापासून वर जाणारी आखूड होस फुगून मऊ पडली आहे आणि क्लिपच्या कडेला कापली गेली आहे. तिच्यावर ‘एसएई ३०आर७’ हा छाप स्पष्ट वाचता येतो. ती बोनेटखाली वापरायची होस आहे. पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या जागी ३०आर१० लागते. फरक वीतभर होसच्या किमतीचा आहे, पण ती टाकीत निसटली असती तर भर वेगात पेट्रोल तुटलं असतं.

इंजेक्टरबद्दल मात्र तक्रार नाही. मिनिटाला ४४० सीसी पेट्रोल सोडणारे चार इंजेक्टर १६० बीएचपीला भरपूर झाले. म्हणूनच ‘आता ५५० सीसी टाकू, थोडा खर्च येईल’ हा तुमचा प्रस्ताव मला थट्टा वाटतो. दुखणं होस आणि वायरचं आहे. इंजेक्टरचा फक्त डेड टाइमचा (वीज मिळाल्यापासून उघडेपर्यंत लागणाऱ्या वेळेचा) तक्ता द्या, कारण आयडलला गाडी पहिल्या दिवसापासून झुलते आहे.

पेट्रोल पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे इंजिन गेलं, हेही तुमच्या मॅनेजरनी सांगून पाहिलं. ई२० ला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं हे खरं. पण तुम्ही काम घेतलंत तेव्हा सगळीकडे तेच मिळत होतं आणि डायनोवरही तेच भरलेलं होतं. शिवाय लॅम्ब्डाचा आकडा कोणत्याही इंधनाला तोच अर्थ सांगतो. पूर्ण बूस्टला ०.९८ म्हणजे लीन, टाकीत काहीही असो.

‘परफॉर्मन्स पार्ट्सवर वॉरंटी नाही’ ही बिलामागची ओळ मी वाचली आहे. माझी तक्रार पार्ट्सबद्दल नाही, ते जोडण्याच्या कामाबद्दल आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हणतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही.

मागणी अशी: फिटिंग, वायरिंग आणि ट्यूनिंगचे ७२,००० रुपये परत मिळावेत. पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि मशिनिंगचं सोबतचं ९६,००० रुपयांचं अंदाजपत्रक तुम्ही भरावं. ट्यूनची मूळ फाइल पासवर्डशिवाय मिळावी. दुरुस्ती मी दुसरीकडे करून घेणार आहे. तुमच्याकडे फुकट करून देण्याचा प्रस्ताव कृपया पाठवू नये.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास तक्रार जिल्हा आयोगात दाखल करेन. तोपर्यंत रेग्युलेटर, टोपण आणि टाकीतली होस काढलेल्या अवस्थेत जपून ठेवली आहेत. तुमच्या माणसाला येऊन पाहता येतील, नेता येणार नाहीत.

आपला,
(नाव व संपर्क जॉबकार्डवर आहे)

सोबत: बिल, जॉबकार्ड, डायनोचा लॉग, फोटो, दुरुस्तीचं अंदाजपत्रक