ईएसआरचा आकडा वयासह वाचावा

रविवारच्या आरोग्य पुरवणीतील रक्ततपासणीवरचा लेख वाचला. 'ईएसआर २० च्या वर म्हणजे शरीरात जंतुसंसर्ग' हे त्यातले विधान पटले नाही. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच ही तपासणी सांगते. हा आकडा वयानुसार वाढतो. गरोदरपणात आणि रक्तक्षयातही वाढतो. वरच्या मर्यादेचा डॉक्टरांचा ढोबळ ठोकताळा असा : पुरुषांत वयाच्या निम्मे, स्त्रियांत वयात दहा मिळवून त्याच्या निम्मे.

माझ्या ७२ वर्षांच्या आईचा ईएसआर ३८ आला. अहवालात तो ठळक अक्षरांत, शेजारी फुली. दोन दिवस घरात कोणाला अन्न गोड लागले नाही. ठोकताळ्याने तिची मर्यादा ४१ येते. शिवाय हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे रक्तक्षय, असल्याचे त्याच पानावर होते. खरी काळजी त्याची करायला हवी होती. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) ईएसआरपेक्षा लवकर, काही तासांत वाढते आणि आजार ओसरताच लवकर उतरते, म्हणून डॉक्टर दोन्ही जोडीने पाहतात. प्रयोगशाळांनी निदान ईएसआरपुढे वयानुसार मर्यादा छापावी, ही विनंती.

— एक वाचक, सातारा