जिना बदलण्याआधी टेप लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घरांना नवं रूप देण्यावर पानभर मजकूर आला, फोटो भारी होते, पण त्यातला तो जिना, काळा चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचा कठडा, पायरीपायरीखाली एलईडीची पट्टी, तो बघून आमच्या पेठेत निम्म्या घरांना तसलाच जिना पाहिजे झालाय. कुणी पान कापून ठेवलंय, कुणी फोटो काढून गवंड्याला पाठवून पण दिलाय. म्हणून म्हणलं लिहावं, छापायचं का नाही ते तुम्ही बघा.

साताऱ्यात यादोगोपाळ पेठ, मंगळवार, शनिवार, माची, चिमणपुरा, कुठल्याही जुन्या घरात शिरा, जिना एकाच जातीचा. सागवानी, अंधारा, उभा, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा, वर जाताना डोकं सांभाळायचं आणि उतरताना म्हाताऱ्या माणसांनी पाठमोरं उतरायचं. सुताराला येत नव्हतं म्हणून तो तसा झालेला नाही. एकतर जागा वाचायची, आणि वर तोंडाशी आडवी फळी टाकली की खालून कुणाला चढता यायचं नाही. आता चोर जिन्यानं येत नाहीत, ओटीपी विचारून येतात, पण आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढं गेल्यात आणि पापड वाळले का बघायला अजून त्याच जिन्यानं वर जातात, त्यामुळं जिना सुधारायला पाहिजे याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते कसा सुधारायचा याबद्दल.

आधी हिशोब बघा. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घराच्या जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाऊल ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितलीय, म्हणजे मोटामोटी साडेसात इंच उंच आणि दहा इंच रुंद. आमची माडी जमिनीपासून नऊ फुटांवर, पायरी नऊ इंच उंच आणि पाऊल सात इंचांचं, त्यामुळं सगळा जिना साडेसहा फुटांत बसलाय. तोच नियमात बसवायचा तर पंधरा चढ होतात, त्यांच्या मधल्या चौदा पायऱ्या दहा-दहा इंचांच्या, म्हणजे पावणेबारा फूट लांबी लागते. जवळजवळ दुप्पट. आता ही जास्तीची जागा आणायची कुठनं? खाली माजघर खाणार, आणि वर माडीला जिन्यासाठी जे भोक आहे ते लांबवायला लागणार नाहीतर डोकं आपटणार, आणि भोक लांबवायचं म्हणजे कडीपाटाच्या, म्हणजे माडीची जमीन पेलणाऱ्या, लाकडी कड्या कापायच्या, कधीकधी त्या कड्या ज्याच्यावर टेकतात त्या मोठ्या तुळईला हात घालायचा. कॉन्ट्रॅक्टर हे सांगत नाही, तो म्हणतो वहिनी टेन्शन घेऊ नका, खालनं एक गर्डर टाकू.

मला टेन्शन इथंच येतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमचं हे घर कुरकुरलं, मातीच्या भिंतीचा एक कोपरा आत आला, पण घर उभं राहिलं असं सासूबाई अजून सांगतात. कारण साधं आहे, या घरांचा भार खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर, भिंत बरीचशी नुसती भरलेली, आणि लाकडाचे सांधे हलतात पण लगेच तुटत नाहीत. त्यातली तुळई कापून एका बाजूला लोखंड घातलं की एकसारखा हलणारा सांगाडा एकसारखा राहत नाही. कोयनेच्या बाजूला धक्के अजून बसतातच की. तेव्हा तुळईला हात लावायचाच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा, गवंड्याच्या नजरेवर जाऊ नका.

बरं, काहीजण म्हणतात आम्ही जिना तोच ठेवतो, वरनं फक्त ग्रॅनाइट बसवतो. तीन फूट लांब, नऊ इंच रुंद, पाऊण इंची एक फळी साधारण दहा किलोची भरते. डझनभर पायऱ्यांचं सव्वाशे किलो, वर सिमेंट वेगळं, आणि हे सगळं कुणावर तर दोन बाजूच्या लाकडी पाट्यांवर ज्यांची खालची टोकं ओलीनं आधीच मऊ झालेली असतात. जुने सुतार शहाणे, पहिली पायरी दगडाची करायचे म्हणजे लाकूड जमिनीला टेकतच नाही. नंतरच्या लोकांनी शेजारी मोरी काढली, बोअरचा पंप बसवला, ओल चढली आणि वाळवी आली. खरं बघायचं तर स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खालच्या टोकाला टोचून बघा, आत सहज शिरला तर तेवढा तुकडा कापून नवा सागवानी सांधा मारता येतो, अख्खा जिना उखडायची गरज पडत नाही.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट आता सांगते. जिन्यावर माणूस पडतो तो नुसत्या पायऱ्या उंच असल्यामुळं नाही, त्या सारख्या नसल्यामुळं पण पडतो. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढं आपण न बघता चढतो, मग मधेच एखादी अर्ध्या इंचानं कमी-जास्त आली की ठेच ठरलेली. आमच्या जुन्या जिन्यात नऊ म्हणजे नऊच इंच आहेत, सगळीकडं, टेप लावून बघितलंय. आता नूतनीकरणात काय होतं बघा. खाली शहाबादी फरशी न काढता तिच्यावरच टाइल्स घालतात, मसाला धरून दोन इंच जमीन वर येते, पहिली पायरी नऊची सात होते. वर माडीवर पण फरशी घातली, एक इंच वाढली, शेवटची पायरी दहाची झाली. मधल्या सगळ्या नऊच्या. एका जिन्यात तीन मापं! आणि नेमकं पहिली आणि शेवटची पायरी, जिथं माणूस बोलत बोलत वळतो, तिथंच गडबड. पैसे देऊन घरात सापळा लावून घ्यायचा प्रकार आहे हा. गवंडी म्हणतो सवय होते. घरच्याला होईल हो, दिवाळीला आलेल्या पाहुण्याला कशी होणार.

तेव्हा फरशीवर फरशी नको, जुनी काढा आणि मूळ लेव्हल धरा. चढ तसाच राहू दे, पण दोन्ही बाजूंना कठडा द्या, आणि तो मुठीत बसेल असा गोल द्या, दीड-पावणेदोन इंच जाडीचा. हल्ली ते चौकोनी रुंद स्टीलचे पाइप लावतात, दिसायला झकास पण घसरताना हाताची मूठ त्याच्याभोवती वळतच नाही. पूर्वी जिन्यात वरनं जाड दोर सोडलेला असायचा, तो गावठी वाटतो आता, पण पकडायला तो या पाइपापेक्षा बरा. घरात लहान पोर असेल तर आडव्या नळ्यांचा कठडा टाळा, पोरं त्यावर शिडीसारखी चढतात. पायरीच्या कडेला उठून दिसेल अशा रंगाची खरबरीत पट्टी, आणि दिवा टू-वे स्विचचा, खालून लावा वरून बंद करा. आयटीआयची पोरं याला जिन्याची वायरिंगच म्हणतात, कुठलाही वायरमन अर्ध्या दिवसात करून देईल. तो आलाच आहे तर त्याच्याकडनं लाकडी पट्टीवरची जुनी वायर काढून घ्या, अर्थिंग आहे का बघायला सांगा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात.

पायऱ्या कुरकुरतात म्हणून जिना काढणारे पण बघितलेत. अहो ती लाकडाची घासाघीस आहे, खालनं पाचर ठोकायची, फटीत थोडी संगजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड सोडायची, ढिल्या फळीला स्क्रू मारायचा. फक्त जुन्या सागाला आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर फळी उकलते. अडचण एवढीच की हे करणारा सुतार मिळत नाही, मिळतो तो प्लायवुड आणि सनमायकाचा मिळतो, त्याला रंधा दिला तर तो तुमच्याकडंच बघत बसतो.

रंगाचं मात्र गंमतीवारी घेऊ नका. बहुतेक जिन्यांवर ऑइलपेंटचे चार-पाच थर असतात, चॉकलेटी, त्याच्याखाली हिरवा, त्याच्याखाली आणि काहीतरी. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, आत पाहिजे हा नियम आपल्याकडं लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, त्याच्या आधीच्या रंगात किती असेल ते दिसून कळत नाही. तो कोरडा घासला, वर ग्राइंडर लावला, की धूळ घरभर, आणि शिसं लहान पोरांच्या मेंदूला वाईट. ओलं करून घासा, चांगला मास्क लावा, पोरांना दोन दिवस मामाकडं पाठवा, आणि नंतर केरसुणी न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्या. खाली साग निघाला की बेलतेलाचे, म्हणजे जवसाच्या उकळलेल्या तेलाचे, दोन पातळ हात पुरे, आरशासारखं पॉलिश पायरीवर कशाला, घसरायला? तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात, उघड्यावर पसरून वाळवा.

कड्या-कोयंड्यांचं दुखणं वेगळंच. पितळी कड्या, ओतीव बिजागऱ्या, दारावरची फुलं, भंगारवाल्याला किलोवर जातात आणि त्याच वस्तू मुंबईच्या चोरबाजारात अँटिक म्हणून नगावर विकल्या जातात. बिजागरी ढिली झाली तर दोष बहुतेक वेळा बिजागरीचा नसतो, स्क्रूचं भोक मोठं झालेलं असतं, त्यात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोका, वाळली की कापा, परत स्क्रू मारा. रंगानं भरलेली स्क्रूची खाच हॅक्सॉ ब्लेडनं साफ करून मग फिरवा, तरी हलला नाही तर डोक्यावर तापलेली सोल्डरिंग आयर्न धरा. पितळेला चिंच नाहीतर पितांबरी. नवीन कडी जी बाजारात मिळते ती वरनं सोनेरी असते, चार पावसाळ्यांत आतलं खरं रूप दाखवते.

आता घराच्या बाहेरची पायरी, तिच्यावर आपला हक्क चालत नाही. आमच्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, रस्ता वरनं खाली येतो आणि घरं दोन्ही बाजूंना. दर वेळी जुन्या डांबरावर नवीन थर पडतो, खाली खरवडत कुणी नाही. ओट्याला तीन दगडी पायऱ्या होत्या तिथं आता पावणेदोन राहिल्यात, सव्वा पायरी रस्त्यात गेलीय, आणि पाऊस जोराचा आला की पाणी सरळ उंबऱ्याशी. घरात आम्ही इंच-इंच सांभाळायचा आणि दाराबाहेर कुणीतरी येऊन दोन इंच वाढवून जायचं. पेठांतल्या रस्त्यांची कामं निघतील तेव्हा आधी जुना थर मशीननं काढून मूळ लेव्हल धरावी, आणि टेंडरमध्ये ती अट आहे का नाही हे तुमच्या बातमीदारानं एकदा विचारून छापावं, एवढी विनंती आहे. पुरवणीत ग्रॅनाइटच्या फोटोशेजारी एखाद्या जुन्या सुताराशी पण बोललात तर बरं होईल, साताऱ्यात अजून आहेत दोन-चार, पत्ता हवा असेल तर कळवा.

आपली,
एक वाचक, यादोगोपाळ पेठ, सातारा