एकतिसावा

श्लाडमिंग, ऑस्ट्रिया
27 जानेवारी 2025

प्रिय दिगू,

‘नुसता बर्फात हिंडतोयस, मजा आहे लेका तुझी’ असं तू लिहिलंस. दोन हसरे चेहरे पाठवून विषय मिटवणार होतो. पण आज सोमवार. काल किट्सब्यूलच्या स्की शर्यती संपल्या, उद्या इथं जायंट स्लॅलम, परवा रात्री दिव्यांच्या उजेडात स्लॅलम. अशा मधल्या दिवशी दुपारपर्यंत तरी संघाच्या फिजिओला, म्हणजे मला, कुणी हाक मारत नाही. म्हटलं, सविस्तर लिहावं. वहिनींनाही वाचून दाखव, कारण ‘पाय घसरून पडलं तर तिथं कोण उचलतं’ हा त्यांचा प्रश्न तुझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा शहाणा आहे.

मजा आहे, नाही कशी? स्वित्झर्लंडमधल्या वेंगनला गावात मोटारीच नाहीत. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांवरच्या छोट्या आगगाडीनं वर जायचं. त्या गाडीत निम्मी जागा माणसांना आणि निम्मी आमच्या स्कीच्या पिशव्यांना. समोर युंगफ्राऊचं शिखर. पहिल्यांदा गेलो तेव्हा तोंड उघडं ठेवून बघत बसलो होतो. आता पिशव्या मोजतो. वर्ल्ड कप शर्यतींच्या या सर्किटवर सगळ्यांचंच असं होतं. डोंगर हळूहळू दिसेनासा होतो आणि सामान तेवढं दिसायला लागतं.

हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्ट्रियातल्या झ्योल्डनच्या हिमनदीवर सुरू होतो. शर्यत सुटते ती तीन हजार मीटरच्या वर. नोव्हेंबरात फिनलंडमधलं लेव्ही, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला. तिथं जिंकणाऱ्याला रेनडिअर देतात, त्याचं बारसंही विजेत्यानंच करायचं. मग अमेरिकेची फेरी, डिसेंबरात फ्रान्स आणि इटली. आणि जानेवारीत सगळा मामला एकावर एक येऊन आदळतो. आडेलबोडेन, वेंगन, किट्सब्यूल, श्लाडमिंग. चार गावं, चार हॉटेलं आणि खालच्या मजल्यावरची चार वॅक्सच्या वासाची तळघरं.

त्या तळघरात आमचा सर्व्हिसमन राहतो. राहतो असंच म्हणायचं, झोपायला तेवढा वर येतो. स्कीच्या कडा घासायच्या, तळाला मेण इस्त्रीनं लावायचं, खरवडायचं, ब्रश मारायचा, परत लावायचं. उद्या बर्फ कोरडा असेल की ओला, थंडी किती, यावर कुठलं मेण ते ठरतं. पूर्वी फ्लोरिनवालं मेण चालायचं. ते भन्नाट पळायचं, पण माणसाला आणि निसर्गाला वाईट, म्हणून 2023-24 च्या हंगामापासून बंद केलं. आता स्की यंत्रावर तपासतात. बंदीच्या पहिल्याच शर्यतीत, झ्योल्डनला, नॉर्वेच्या रागन्हिल्ड मोविंकेलला बाद केलं. तेव्हापासून आमचा हा माणूस स्वतःचं टेबल शेजारच्या संघाच्या टेबलापासून हातभर लांब ठेवतो. कुणी त्याच्या ब्रशला हात लावला तर चहा सोडतो. मी त्याच्याशी वॅक्सवर बोलत नाही, आम्ही फक्त त्याच्या पाठदुखीवर बोलतो.

आता शर्यतीचं. तू टीव्हीवर डाउनहिल बघितलीस, म्हणजे एकाच खेपेत सगळ्यात वेगानं उतरायची ती. आमची पोरं मात्र स्लॅलमवाली. स्लॅलम म्हणजे जवळ जवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळत खाली यायचं, दोन वेळा. जायंट स्लॅलमला वळणं जरा लांब लांब. दोन्ही खेपांच्या वेळेची बेरीज. आणि उताराला बर्फ म्हणू नकोस, तो बर्फ नसतोच. दाबानं आत पाणी सोडून, गोठवून, काच केलेली असते. मी बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधल्याशिवाय कडेलाही उभा राहू शकत नाही. शर्यतीआधी पोरांना त्या वाटेवरून सावकाश घसरत बघायची मुभा असते, पळवून बघायची नाही. मग वर येऊन डोळे मिटतात, हाताचे पंजे स्कीसारखे धरतात आणि डुलत डुलत अख्खी वाट मनात उतरून येतात. अनोळखी माणसानं ते दृश्य बघितलं तर अंगात आलंय म्हणेल.

पहिल्या खेपेला साठ-सत्तर जण उतरतात. नामवंत आधी सुटतात, त्यांना वाट गुळगुळीत मिळते. आमच्या पोरांचा नंबर पन्नाशीच्या पुढे. तोवर प्रत्येक वळणाला खड्डे पडलेले असतात, टीव्हीवाले जाहिरातींकडे वळलेले असतात आणि प्रेक्षक सॉसेजच्या रांगेत. तिथून पहिल्या तिसात यायचं. कारण दुसरी खेप फक्त तीस जणांना मिळते. गुणही तेवढ्यांनाच, जिंकणाऱ्याला 100, दुसऱ्याला 80, असं उतरत उतरत तिसाव्याला 1.

आणि एकतिसावा? तो स्की खांद्यावर टाकून गाडीकडे जातो.

काल किट्सब्यूलला, गान्सलर्नच्या उतारावर, आमच्या संघातला थोरला पहिल्या खेपेत एकतिसावा आला. खाली पोचला तेव्हा फलकावर तीस दिसत होतं. मग मागून कुठल्याशा पोरानं, ज्याचं नाव मलाही धड आठवत नाही, काही शतांश सेकंदांनी त्याला खाली ढकललं. तू कबड्डी खेळलायस, एका गुणानं हरणं तुला ठाऊक आहे. पण तिथं समोर माणूस असतो, त्याच्यावर राग तरी काढता येतो. इथं कुणावर काढणार? तो पोरगाही नंतर बिचारा लाजून हात मिळवायला आला.

आता यातली खरी गंमत ऐक. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा करतात, म्हणजे तिसावा सगळ्यात आधी उतरतो, कोऱ्या वाटेवरून. फेब्रुवारी 2024 मध्ये शामोनीला स्वित्झर्लंडचा डॅनियल यूल पहिल्या खेपेनंतर तिसावा होता. ऊन होतं, बर्फ भराभर मऊ पडत गेला, मागून येणारे एकेक खड्ड्यांत अडकत गेले आणि यूल चक्क जिंकला. तिसाव्या जागेवरून जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. सगळ्यांनी यूलच्या गोष्टी सांगितल्या, सांगायलाच हव्यात. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून त्या दिवशीचा एकतिसावा बसलाय. तेच ऊन, तोच डोंगर. यूल जेव्हा खाली थांबून एकेकाची वेळ बघत होता, तेव्हा तो बहुधा कुठल्यातरी पेट्रोलपंपावर सँडविच खात असेल. हल्ली मी निकालाचा कागद खालून वर वाचतो.

पण तुला ऐकायचंय डाउनहिलचं, मला माहीत आहे. शनिवारी मी कडेला उभा राहून श्ट्राइफ, म्हणजे किट्सब्यूलची डाउनहिलची वाट, बघितली. लांबी 3312 मीटर. सुटल्यावर काही सेकंदांतच ‘माउसेफाले’ म्हणजे उंदराचा पिंजरा, तिथं उतार 85 टक्के. खाली पडद्यावर बघताना तो उतार वाटतो, जवळून बघशील तर त्याला कडा म्हणशील. तिथून माणूस हवेत जातो आणि बराच वेळ खालीच येत नाही. आवाज लक्षात राहतो, दिगू. काचेवर कुणी पत्रा ओढावा तसा करकरत येतो आणि माणूस दिसेपर्यंत पुढे गेलेलाही असतो. या वाटेवरचा विक्रम फ्रिट्झ श्ट्रोबलचा, 1997 चा, 1 मिनिट 51.58 सेकंद. अजून कुणी मोडलेला नाही. या वेळी जिंकला कॅनडाचा जेम्स क्रॉफर्ड, 0.08 सेकंदानं. कॅनडाच्या माणसानं इथली डाउनहिल याआधी 1983 मध्ये जिंकली होती. बक्षीस एक लाख युरोंच्या आसपास, आणि वर जाणाऱ्या केबलकारच्या डब्यावर नाव. पैशापेक्षा डब्याचं अप्रूप जास्त.

गेल्या वर्षी याच शर्यती, लागोपाठ दोन दिवस, फ्रान्सच्या सिप्रियां साराझांनं जिंकल्या होत्या. यंदा तो नव्हता. 27 डिसेंबरला इटलीत बोर्मिओला सरावात पडला, डोक्यात रक्तस्राव, तातडीनं शस्त्रक्रिया. किट्सब्यूलभर लोक एकमेकांना ‘तो कसा आहे’ एवढंच विचारत होते. शुक्रवारी सुपर-जीमध्ये, म्हणजे डाउनहिलपेक्षा जरा जास्त वळणांच्या वेगवान शर्यतीत, फ्रान्सचाच अलेक्सी पँतुरो पडला. गेल्या जानेवारीत वेंगनला त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता, त्यातून उठून आला होता. पुन्हा हेलिकॉप्टर. वहिनींना सांग, पडलं तर हेलिकॉप्टर उचलतं, दोर सोडून. ते उडालं की शर्यत थांबते, लाउडस्पीकरवर गाणं लागतं आणि वर रांगेत उभ्या असलेल्या पोरांना कुणी काही सांगत नाही. पण तो फडफडाट सगळ्यांना ऐकू येतो. मग शिट्टी, वाट मोकळी, पुढचा नंबर.

का उतरतात म्हणून तू विचारलंस. मला त्याचं थोर उत्तर सापडलेलं नाही. मी विचारलं तर पोरं खांदे उडवतात. नॉर्वेचा अलेक्झांडर ऑमोट किल्डे वेंगनला 2024 मध्ये कडेच्या संरक्षक जाळ्यात जाऊन आदळला, खांदा निखळला, स्वतःच्याच स्कीच्या कडेनं पोटरी उभी चिरली, मज्जातंतू दुखावले. तोसुद्धा परत यायचंच म्हणतो. त्याची होणारी बायको अमेरिकेची स्कीपटू मिकेला शिफ्रिन. वर्ल्ड कपच्या 99 शर्यती जिंकून शंभराव्या विजयासाठी अमेरिकेत किलिंग्टनला उतरली, पहिल्या खेपेत आघाडीवर होती, दुसरीत पडली आणि पोटाच्या कडेला काहीतरी घुसून खोल जखम झाली. दोन महिने झाले, या आठवड्यात फ्रान्सला कुर्शवेलमध्ये परत उतरते आहे. या घरात जेवताना काय बोलत असतील, हा विचार मी मुद्दाम करत नाही. यंदापासून डाउनहिल आणि सुपर-जीला अंगात एअरबॅग सक्तीची केली. चांगलं केलं, उशिरा केलं. काही खेळाडूंनी हालचालीला अडचण होते म्हणून कुरकूर केली, तेव्हा माझ्यातला मिरजेचा माणूस जागा झाला होता. इंग्रजीत पुरेशा शिव्या येत नाहीत, एवढंच.

माझं काम गुडघ्यांचं. सगळ्यात जास्त तुटतो तो एसीएल, गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, तुझा तुटला तोच. तुझा कबड्डीत पाय अडकून तुटला, यांचा बहुधा पडण्याआधीच तुटतो. वळताना बाहेरची स्की क्षणभर सुटते, माणूस तिला शोधत पाय लांब टाकतो, आतली कड अचानक बर्फात रुतते आणि मांडी एकीकडे, नडगी दुसरीकडे. पडलेला दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं. मग नऊ महिने, वर्ष. या संघात मी हात लावलेल्या गुडघ्यांपैकी किती मूळचे कोरे आहेत विचारशील तर हसशील. आणि तू सहा आठवड्यांत सायकल बंद केलीस म्हणे! इथली पोरं शर्यत संपली की आधी सायकलवर बसतात, मग जेवतात. तू जेवून झोपतोस. परत सुरू कर. नाहीतर मी वहिनींना व्यायामाचं वेळापत्रक पाठवीन आणि त्या तुला सायकलवर कशा बसवतील हे तुला माहीत आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात थोडक्यातच आहे. वरचे चांगले कमावतात, त्यात हेल्मेटवरच्या जाहिरातीची जागा मोलाची. आमच्यासारख्या छोट्या संघात हेल्मेटवर कुणाच्या मामाच्या छपाईच्या दुकानाचं नाव असतं. धाकट्याच्या आईबापानं त्याच्यापायी जमिनीचा तुकडा विकलाय, आणि हे त्यानं मला मसाज टेबलावर पालथं पडल्या पडल्या सांगितलं, तोंड दिसत नसताना.

‘तुमच्याकडेही स्कीइंग करतात का’ हा प्रश्न मला दर मुक्कामाला कुणीतरी विचारतंच. मी गुलमर्गचा आरिफ खान सांगतो, 2022 ला बीजिंगमध्ये जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा. लोक मान हलवतात, सभ्यपणे. पण रेसर मंडळी तशी मान हलवत नाहीत. बर्फ वर्षातले काही महिनेच, डोंगरावर धड जाळ्या नाहीत, खर्च खिशातून, आणि तरी तेवढ्या दोन्ही खेपा पुऱ्या करून खाली आला, याची किंमत छातीवर साठ नंबर लावून उतरणाऱ्यालाच कळते. आणखी एक सांगतो. मी राहतो त्या इन्सब्रुकमध्येच 1964 ला भारताचा पहिला हिवाळी ऑलिंपिकवीर उतरला होता, जेरेमी बुयाकोव्स्की, जन्मानं पोलिश, भारतात वाढलेला. डाउनहिल पूर्ण झाली नाही त्याची. आमच्या थोरल्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, ‘पण सुटला ना?’

हा थोरला आता बत्तिशीचा झाला. हा शेवटचा हंगाम म्हणून गेल्या हंगामातही म्हणाला होता. कालच्या एकतिसाव्या नंबरानंतर रात्री गाडीत अवाक्षर बोलला नाही, आणि आज सकाळी मी नाश्त्याला उतरलो तर हा आधीच सायकल मारून आलेला. पलीकडे प्लानाईच्या उतारावर पाणी सोडायचं काम चालू होतं. तिकडे बघून म्हणाला, ‘परवा थंडी पडेल, टणक राहील, मागच्यांना बरं.’ मी म्हटलं, हो.

परवा रात्री इथं हजारो लोक मशाली आणि भोंगे घेऊन येतील, तेव्हा आमचा नंबर येईपर्यंत निम्मे घरी गेलेले असतील. तुझ्याकडे मध्यरात्र होत आली असेल, जागू नकोस. फेब्रुवारीत इथूनच जवळ झालबाखला जागतिक अजिंक्यपद आहे, ते बघ. एप्रिलात यायचं नक्की असेल तर तिकीट आताच काढ. येताना जयसिंगपूरचं भडंग आण, दोन किलो, तिखट. एक पाकीट सर्व्हिसमनला द्यायचंय. गेल्या खेपेचं त्यानं वॅक्सच्या टेबलावर बसून एकट्यानं संपवलं होतं, आणि तेव्हा ब्रशला हात लावू दिला होता.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिल्या