रात्रीची मुंबई पगारदारांनाही परवडावी

माननीय संपादक,

मुंबई चोवीस तास खुली ठेवण्याच्या धोरणाला राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२० मध्ये मान्यता दिली, तेव्हा सवलत मुख्यतः मॉल आणि जुन्या गिरण्यांच्या आवारातील आस्थापनांना, म्हणजे जिथले दोघांच्या जेवणाचे बिल पाहून पगारदार माणूस दचकतो अशा ठिकाणांना मिळाली. स्वस्त करमणूक शहरात नाही, असे मुळीच नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्याला तिकीट नाही, काळा घोडा महोत्सवात प्रवेशमूल्य नाही आणि रमजानमध्ये मोहम्मद अली रस्त्यावरचा मालपुवा मध्यरात्रीही गरमच मिळतो.

अडते ते परतीच्या वाटेवर. दादर-माटुंग्यातला रात्री साडेआठचा नाट्यप्रयोग रंगला, की डोंबिवली-विरारकडचा प्रेक्षक शेवटच्या प्रवेशातच घड्याळ पाहत पायाने चपला चाचपू लागतो, कारण शेवटची लोकल चुकली तर मध्यरात्रीनंतर टॅक्सीला पंचवीस टक्के जादा भाडे मोजावे लागते आणि नाटकाच्या तिकिटाहून प्रवास महाग पडतो. रुळांच्या देखभालीसाठी रात्रीचे काही तास लागतात, त्यामुळे रात्रभर लोकल धावावी, अशी मागणी मी करणार नाही. मात्र निदान शनिवारी रात्री नाट्यगृहे आणि चौपाट्यांपासून उपनगरांतील मोठ्या स्थानकांपर्यंत ठरावीक वेळेच्या बसगाड्या सोडाव्यात, त्यांचे वेळापत्रक थांब्यावर लावावे आणि चौपाट्यांवरील स्वच्छतागृहे, विशेषतः महिलांची, रात्रभर उघडी ठेवावीत.

– एक वाचक, मुलुंड